अकराशे तासांचे इंजिन आणि उरलेले तास

वाचकाचे पत्र, थोडक्यात: दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावर आमच्या घराच्या चार खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. पाहुण्यांना डॉल्फिन पाहायचे असतात, सुवर्णदुर्गाची फेरी हवी असते, म्हणून स्वतःची बोट घेण्याचा विचार आहे. शेजारच्या जिल्ह्यात तेरा वर्षे जुनी, तीस फुटी फायबरची, आत बसवलेले डिझेल इंजिन असलेली बोट साडेसहा लाखांना मिळते आहे. मालकाने ती बरीच वर्षे प्रवासी फेऱ्यांसाठी वापरली. इंजिन केवळ १,१०० तास चालल्याचे तो सांगतो आणि अवर मीटरवरही तेवढेच तास दिसतात. बोट सध्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेली, म्हणजे झाकून ठेवलेली, असून नुकताच नवा रंग दिला आहे. माझे सासरे चाळीस वर्षे तांडेल होते. त्यांनी ड्रममधून पाणी देऊन इंजिन सुरू करायला लावले, आवाज ऐकला आणि ‘घ्या’ म्हणाले. ट्रकच्या गॅरेजमध्ये काम करणारा चुलत भाऊ म्हणतो की खाऱ्या पाण्यातले तेरा वर्षांचे इंजिन म्हणजे भंगार. मालकाला आठ दिवसांत पन्नास हजारांचा इसार हवा आहे. पत्नीचे दागिने तारण ठेवून पैसे उभे करणार आहोत. काय करावे?

तुमच्या मूळ पत्रात अकराशे तासांचा उल्लेख तीन ठिकाणी आहे, आणि तिन्ही वेळा तो तुम्ही बोटीच्या बाजूने मांडला आहे. म्हणून आधी त्या आकड्याशीच थोडी हुज्जत घालू या. एका वर्षात ८,७६० तास असतात. तेरा वर्षांचे झाले १,१३,८८०. त्यांतले १,१०० तास इंजिन चालले असेल, तर ते आयुष्याचा जेमतेम एक टक्का चालले आणि नव्व्याण्णव टक्के खाऱ्या हवेत, बहुधा पोटात खारे पाणी घेऊन, नुसते उभे राहिले. रस्त्यावरच्या गाडीचे मोजमाप आपण तिच्या धावण्यावरून करतो, आणि तीच सवय आपण बोटीलाही लावतो. पण समुद्रातले इंजिन चालण्याने जेवढे झिजते त्याहून अधिक ते उभे राहण्याने खराब होऊ शकते. चालत्या इंजिनात तेल फिरते, ओल उडून जाते, पाणी वाहते असते. उभ्या इंजिनात मात्र तेच पाणी साचून राहते, आणि गंजाला साचलेले पाणी मानवते. म्हणून मालकाला विचारायचा पहिला प्रश्न ‘किती चालले?’ हा नसून ‘चालत नव्हते तेव्हा कसे ठेवले होते?’ हा आहे. दर फेरीनंतर गोडे पाणी फिरवले जाई का, पावसाळ्यापूर्वी समुद्राच्या पाण्याचा मार्ग रिकामा करून तेल बदलले जाई का, बोट खाडीत नांगरलेली असताना आठवड्याला कोणी फिरकत असे का, याची उत्तरे त्याच्याकडे असतील तर ती तो अडखळल्याशिवाय देईल.

या आकड्यात आणखी एक गोम आहे. प्रवासी फेऱ्या करणारी बोट हंगामात दिवसाला तीन तास आणि वर्षाला अवघे दीडशे दिवस चालली असे धरले, तरी वर्षाचे साडेचारशे तास होतात, म्हणजे अडीच वर्षांतच ती अकराशेच्या पुढे जाते. तेव्हा एक तर मीटर मध्येच बंद पडला किंवा बदलला, किंवा इंजिन बदलले, किंवा बोट कित्येक वर्षे पडून होती. मालक खोटेच बोलतो आहे असे मला म्हणायचे नाही. मीटर बंद पडणे ही किनाऱ्यावरची रोजची गोष्ट आहे. पण या तिन्हींपैकी काय घडले ते कळेपर्यंत तो आकडा तुम्ही मनातून पुसून टाका.

दुसरा समज रंगाचा. नवा रंग पाहून बोटीची निगा राखली आहे असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते, कारण पावसाळ्यात रंगकाम करणे ही आपल्याकडची रीतच आहे. मात्र विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने रंग हा पुरावा झाकणारा थर आहे. इंजिनावरचा रंग जुना असता, तर कोणत्या बोल्टच्या डोक्यावरचा रंग पान्याने उडाला आहे यावरून कोणता भाग कधी उघडला गेला ते कळले असते. आता ते कळणार नाही. त्यामुळे जे एरवी नुसते पाहून भागले असते, ते तुम्हाला उघडून पाहावे लागेल.

तुमच्या सासऱ्यांचा कान मी मुळीच कमी लेखत नाही. बेअरिंगची खडखड, इंजेक्टरची ठोक, गिअरची कुरकुर हे सारे चाळीस वर्षांच्या तांडेलाला यंत्राआधी कळते. पण गंज आवाज करत नाही. माझाच एक जुना फजितीचा प्रसंग सांगतो. एका स्नेह्यासाठी खाडीकाठच्या एका यार्डात बोट पाहायला गेलो होतो. इंजिन पहिल्याच किल्लीला लागले, धूर नाही, आवाज घड्याळासारखा. मी मान डोलावली, व्यवहार झाला. तीन आठवड्यांनी एका सकाळी स्टार्टरने ‘ठक्’ असा एकच आवाज केला आणि इंजिन जागचे हलेना. मागच्या सिलिंडरमध्ये रात्रभर थेंबाथेंबाने समुद्राचे पाणी उतरले होते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकला. दोष होता एक्झॉस्टच्या वाकलेल्या बीडाच्या नळीत, म्हणजे मेकॅनिक ज्याला ‘एल्बो’ म्हणतात त्या भागात. तो काढायला चार बोल्ट आणि अर्धा तास पुरला असता. आवाजावर भाळून मी तो काढायला सांगितला नाही.

म्हणून या एल्बोविषयी थोडे विस्ताराने लिहितो. तुमच्या वर्णनावरून या बोटीत समुद्राचे पाणी आत ओढून, त्याने इंजिनातले गोडे पाणी थंड करून, तेच खारे पाणी शेवटी एक्झॉस्टमध्ये सोडण्याची पद्धत आहे. एल्बो ही ती जागा, जिथे कित्येकशे अंशांचा तप्त धूर आणि खारे पाणी एकमेकांना भेटतात. बोटीतले सर्वांत कठोर आयुष्य याच भागाचे. बाहेरून रंगवलेला एल्बो धडधाकट दिसतो आणि आतून त्याचे पापुद्रे सुटत असतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे आतली वाट हळूहळू आवळत जाते, इंजिनाचा श्वास कोंडतो आणि शेवटी भिंतीला बारीक भोक पडून पाणी उलट सिलिंडरकडे उतरते. सांध्यावर मिठाचे पांढरे ओघळ किंवा तांबूस डाग दिसले तर शंका घ्यावी, पण काही दिसले नाही म्हणून निर्धास्त राहू नये. एल्बो काढा, आत हाताचे बोट फिरवा, टॉर्च लावून पाहा. मालक ‘काढला तर बोल्ट तुटतील’ म्हणाला, तर त्याचा अर्थ तो भाग अनेक वर्षांत कोणी काढलेला नाही असाच होतो.

बोट किनाऱ्यावर उभी आहे हे मात्र तुमचे भाग्यच समजा, कारण एरवी पाण्याखाली असणारा भाग तुम्हाला फुकट पाहायला मिळतो आहे. पंख्यापासून, म्हणजे बोट ढकलणाऱ्या प्रोपेलरपासून, सुरुवात करा. ज्याला ‘मँगनीज ब्राँझ’ म्हणतात आणि ज्याचे पंखे सर्रास ओतले जातात, त्या मिश्रधातूत सुमारे चाळीस टक्के जस्त असते. खाऱ्या पाण्यात संरक्षण अपुरे पडले की त्यातले जस्त झडून जाते आणि मागे सच्छिद्र, ठिसूळ तांबे उरते. पात्याचा कोपरा चाकूने थोडा खरवडा. खाली पिवळी सोनेरी झाक दिसली तर उत्तम, गुलाबी किंवा तांबूस दिसली तर पंखा गेला. पात्यावर लहान हातोडीने टिचकी मारा. निरोगी पंखा देवळातल्या घंटेसारखा नसला तरी खणखणतो, जस्त गेलेला पंखा मातीच्या फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजतो. मग पंखा दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवा. ठळक खटका जाणवला तर रबरी बेअरिंग किंवा शाफ्ट, म्हणजे पंखा फिरवणारा दांडा, झिजला आहे.

शाफ्ट स्टेनलेस स्टीलचा असेल आणि बाहेर दिसणारा भाग आरशासारखा चकाकत असेल, तरी त्यावर विसंबू नका. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि तो टिकायला प्राणवायू लागतो. वाहत्या पाण्यात तो मिळतो. बेअरिंगच्या आत किंवा शाफ्ट बोटीबाहेर पडतो तिथे पाणी अडवणाऱ्या ग्लँडमधल्या दोरीखाली जे पाणी महिनोन्महिने तुंबून राहते, त्यातला प्राणवायू संपतो आणि नेमका तिथेच शाफ्टला टाचणीच्या डोक्याएवढे खोल खड्डे पडतात. उभे राहण्याचा दोष इथेही आहेच. मोलिब्डेनम असलेले ३१६ प्रतीचे स्टील ३०४ पेक्षा जास्त तग धरते, पण तेही या रोगातून पूर्ण सुटलेले नाही. शाफ्ट पूर्ण बाहेर काढता आला तर काढा. निदान ग्लँड मोकळी करून तो हातभर मागे सरकवा आणि झाकलेला भाग पाहा.

झिंकचे ठोकळे हा तर बोटीचा जबाब नोंदवलेला कागदच म्हणायचा. वेगवेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना जोडलेले असले की त्यांची बॅटरी तयार होते आणि त्यांतला सर्वांत क्रियाशील धातू विरघळू लागतो. इतर धातू वाचावेत म्हणून आपण जस्ताचा ठोकळा मुद्दाम बळी देतो. हंगामभरात साधारण निम्मा खाल्लेला ठोकळा असेल, तर यंत्रणा नीट चालू आहे आणि ठोकळा बदलायची वेळ आली आहे. वर्षभरानंतरही कोरा करकरीत ठोकळा ही आनंदाची गोष्ट नाही. त्याची तार तुटली आहे किंवा कोणीतरी त्यावर रंग फासला आहे, आणि त्याच्याऐवजी पंखा किंवा शाफ्ट खाल्ला जातो आहे. याउलट तो महिना-दोन महिन्यांत संपत असेल, तर बॅटरीची एखादी तार तळातल्या पाण्यात गळती करते आहे असे समजावे. अशी भरकटलेली वीज आठवड्यांत करते ते नुकसान नुसत्या समुद्राला करायला वर्षे लागतील. तुमच्या बोटीवर नवे ठोकळे लावलेले असतील, तर मालकाला जुने दाखवायला सांगा. ते भंगारात गेले असतील तर निदान ते कसे दिसत होते ते विचारा. तुम्ही बोट आंजर्ल्याच्या खाडीत ठेवणार असाल, तर पावसाळ्यात गोड्या होणाऱ्या पाण्यात जस्तावर कवच धरते आणि त्याचे काम मंदावते, तिथे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ठोकळे अधिक उपयोगी पडतात, हेही ध्यानात ठेवा.

फायबरला गंज नाही हे खरे, पण इंजिन ज्या तुळयांवर बसते त्यांच्या पोटात बहुधा लाकूड असते. बोल्टच्या भोकातून पाणी शिरले की ते आतल्या आत कुजते. हातोडीच्या दांड्याने तुळई ठोकत जा. आवाज जिथे अचानक मऊ होईल तिथे खडूने खूण करा. तळात साचलेल्या पाण्याला टेकणारे इंजिनाचे तेलाचे भांडे आरसा खाली धरून पाहा, कारण पत्र्याचे असेल तर ते तिथूनच सडते. आणि पाणी आत घेणारे पितळी व्हॉल्व उघडबंद होतात का, हे प्रत्येकी एकदा तरी स्वतःच्या हाताने पाहाच, कारण या बोटीत तुम्ही दुसऱ्यांची लेकरे बसवणार आहात.

एक प्रश्न आपल्या किनाऱ्यापुरता आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले आणि २०२१ च्या मे महिन्याच्या मध्यास तौक्ते वादळ कोकणाजवळून गेले. या दोन्ही वेळी ही बोट कुठे होती? ती बुडाली असल्यास आणि नंतर काढून, धुऊन, इंजिन सुरू केले असल्यास, तसे कोणी आपणहून सांगणार नाही. पण नुकसानीचा पंचनामा झाला असेल तर त्याचा कागद असतो आणि गावातल्या लोकांना आठवण असते. बोटीतही खुणा राहतात. आतल्या कप्प्यांत एकाच उंचीवर पाण्याची रेघ दिसते, आणि एखाद्या तारेचे टोक इंचभर सोलले तर आतले तांबे लालसर चमकण्याऐवजी काळे-हिरवे पडलेले आढळते. खारे पाणी तारेच्या आवरणाखालून वातीसारखे दूरवर चढते.

आता प्रत्यक्ष इंजिन. ड्रममधून पाणी देऊन किनाऱ्यावर चालवलेले इंजिन म्हणजे बिनओझ्याने चालणारा बैल. त्यावरून त्याची ताकद कळत नाही. खरी परीक्षा पाण्यातच होईल, आणि ती होण्यापूर्वी पूर्ण रक्कम द्यायची नाही ही अट तुम्ही सोडू नका. त्या दिवशी मालकाने सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी पोहोचा आणि इंजिनावर हात ठेवा. ते कोमट लागले, तर तुमच्या आधी कोणीतरी ते सुरू करून ‘तयार’ केले आहे. थंड इंजिन किती वेळात लागते आणि पहिल्या मिनिटाचा धूर कसा आहे, यातच बरेच काही असते. सुरुवातीचा पांढुरका धूर इंजिन तापताच विरला तर हरकत नाही. तो टिकून राहिला तर पाणी किंवा न जळलेले डिझेल असू शकते. निळसर धूर तेल जळल्याचा. काळा धूर हवा कमी पडत असल्याचा किंवा पंख्याचा भार जास्त होत असल्याचा, आणि त्यात आवळलेला एल्बोही आला.

बंदराबाहेर गेल्यावर अर्धा तास नेहमीच्या वेगाने चालवा आणि मग काही मिनिटे पूर्ण वेग द्या. इंजिनाच्या पाटीवर लिहिलेल्या मिनिटाच्या फेऱ्या (आरपीएम) ते गाठते का? स्वच्छ तळ असूनही दोन-अडीचशे फेऱ्यांनी कमी पडत असेल, तर पंखा चुकीचा आहे किंवा इंजिन थकले आहे. तापमानाचा काटा एका जागी स्थिरावला पाहिजे. सावकाश चालताना ठीक आणि भाराखाली चढत जाणारा काटा बहुधा हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याने गोडे पाणी थंड करणाऱ्या भागाच्या, नळ्या क्षाराने किंवा पंपाच्या रबरी चाकाच्या तुकड्यांनी बुजल्याचे सांगतो. तसे झाले तर एक्स्चेंजरची दोन्ही टोकांची झाकणे उघडायला सांगा आणि आत बळी देण्यासाठी बसवलेली जस्ताची कांडी, म्हणजे ‘पेन्सिल’, शिल्लक आहे का ते पाहा. परतल्यावर तेलाची पट्टी पुसून पुन्हा बुडवा. दुधाळ झाक दिसली तर पाणी मिसळले आहे. शंका असेल तर तेलाचा एक थेंब तापलेल्या तव्यावर टाका, पाणी असेल तर तो तडतडतो. मात्र तेल गेल्याच आठवड्यात बदलले असेल तर या कशालाच अर्थ उरत नाही. तेव्हा जुने फिल्टर कापून पाहा, किंवा नव्या तेलावर काही तास चालवून नमुना पुण्या-मुंबईतल्या तेल तपासणाऱ्या प्रयोगशाळेला पाठवा. अहवालात सोडियम वाढलेले दिसले तर समुद्र आत शिरल्याचा संशय घ्यावा. इंजिन थंड ठेवणाऱ्या शीतकातही (कूलंटमध्येही) सोडियमची संयुगे असतात, म्हणून इंजिनात कोणते शीतक आहे ते नमुन्यासोबत अवश्य कळवा. सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, मोजून घेता आले तर फारच चांगले. एकूण आकड्याइतकेच त्यांच्यातले अंतर महत्त्वाचे असते, आणि ते दहा टक्क्यांहून जास्त असेल तर कारण शोधले पाहिजे.

या सगळ्यात तुमच्या चुलत भावाची मदत घ्या. ब्लॉक, हेड, इंजेक्टर, कॉम्प्रेशन हे त्याचे घरचे मैदान आहे, कारण आपल्याकडच्या कित्येक बोटींत मुळात ट्रकचेच इंजिन बदल करून बसवलेले असते. पण ‘तेरा वर्षे म्हणजे भंगार’ हा त्याचा निकाल मी मान्य करणार नाही. वेळच्या वेळी एल्बो, झिंक आणि शीतक बदललेले याहून जुने इंजिन विनातक्रार चालताना मी पाहिले आहे. खाऱ्या पाण्याच्या बाजूचे भाग ट्रकला नसतात, आणि तेवढ्यासाठी बंदरावर काम करणारा, मालकाशी देणेघेणे नसलेला एखादा मिस्त्री दिवसाच्या मजुरीवर न्या.

पैशांचा हिशेब करताना माझी सूचना थोडी कठोर वाटेल. इंजिनाची किंमत शून्य धरा. नुसते हुल (बोटीचे धड), शाफ्ट, सुकाणू आणि कागदपत्रे यांना तुम्ही किती द्याल ते ठरवा, आणि त्यात पुनर्बांधणी केलेल्या इंजिनाचा लेखी दर मिळवा. ही बेरीज जर नव्या बोटीच्या जवळ जात असेल, तर साडेसहा लाखांत स्वस्त असे काही नाही. परीक्षेत इंजिन उत्तम ठरले, तर त्याची वाजवी किंमत आनंदाने द्या. दागिने तारण ठेवून येणारी सर्व रक्कम खरेदीतच संपत असेल, तर मी या वर्षी थांबायला सांगेन. जुनी बोट पहिल्याच हंगामात हात पसरते, आणि त्या वेळी घरात पैसा नसेल तर झिंक, तेल, एल्बो ही कामे पुढे ढकलली जातात. मधला मार्गही आहे. एक हंगाम ओळखीच्या बोटवाल्याशी फेरीमागे ठरावीक रकमेचा करार करा. पाहुण्यांची सोय होईल आणि तुमच्या किनाऱ्यावर फेऱ्या खरोखर किती होतात हेही कळेल.

कागदांत नोंदणी, प्रवासी वाहतुकीसाठीचे चालू सर्वेक्षण प्रमाणपत्र, विमा आणि बँकेचा बोजा नसल्याचा दाखला पाहा. सर्वेक्षण झाले आहे म्हणून इंजिनाच्या पोटातले सारे तपासले गेले आहे असे मात्र समजू नका. ज्या वाचकांना बाहेर लावायचे आउटबोर्ड इंजिन घ्यायचे आहे, त्यांनी खालच्या गिअरच्या भांड्यातले तेल दुधाळ आहे का ते पाहावे, रंगाखाली फुगवटे आणि पांढरी भुकटी शोधावी, आणि दर फेरीनंतर गोड्या पाण्याने धुण्याची सोय मालकाच्या अंगणात दिसते का तेही पाहावे. नळ आणि जोडणीची नळी तिथे नसेल तर ‘रोज धुतो’ या वाक्याचे काय करायचे ते तुम्हीच ठरवा.

इसाराबद्दल शेवटचे. दुसरे गिऱ्हाईक असेलही. तुम्ही पन्नासऐवजी दहा हजार द्या आणि साध्या कागदावर दोन ओळी लिहून घ्या. एल्बो व शाफ्ट काढून पाहू देणे आणि पाण्यातली चाचणी समाधानकारक होणे या अटींवर ही रक्कम दिली असून, अटी पूर्ण न झाल्यास ती आठ दिवसांत परत मिळेल. ज्या मालकाला ही सही करायची नाही, त्याच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला बोट खुशाल मिळू द्या. सही झाली, तर चाचणीनंतर बोट एक रात्र पाण्यातच नांगरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सासऱ्यांना घेऊन पुन्हा जा. स्टार्टर लावण्याआधी पान्याने इंजिन हातानेच दोन पूर्ण फेरे फिरवा. ते कुठे अडले तर तिथेच थांबा. न अडता फिरले, तर किल्ली सासऱ्यांच्या हातात द्या.